सी भाषेचे निर्माते डेनिस रिची

धुळ्याहून सुरतेला जाणाऱ्या महामार्गावर विसरवाडी नावाचे गाव आहे. ते नवापूर तालुक्यात येते. नंदुरबारकडे जाणारा रस्ता तिथूनच फुटतो. पूर्वी हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा नवा जिल्हा झाला आणि विसरवाडीच्या पत्त्यातील जिल्हा बदलला.

आता अशी कल्पना करा. त्या गावातील एका दुकानदाराने नवी पाटी लावली. तिच्यावर लिहिले, विसरवाडी, जिल्हा नंदुरबार. पण वरची जुनी पाटी त्याने काढली नाही. तिच्यावर जिल्हा धुळे असेच राहिले. पहिल्या वर्षी काही बिघडले नाही, कारण गावातील सर्वांना खरे काय ते माहीत होते. काही वर्षांनी रंगारी आला. त्याने दोन्ही पाट्या मन लावून रंगवल्या. वरची पाटी आता कामाची नाही, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मग बाहेरगावचा एक ट्रकवाला आला. त्याने ताजी रंगवलेली वरची पाटी वाचली आणि मालाच्या पावतीवर धुळे जिल्हा लिहून तो निघून गेला. त्या पाटीने स्वतः काही केले नाही. ती फक्त तिथे होती.

संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही अशा जुन्या पाट्या राहून जातात. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचना. मराठीत त्याला आज्ञावली असेही म्हणतात. या सूचना ज्या भाषांमध्ये लिहितात, त्यांपैकी एक फार प्रसिद्ध भाषा आहे. तिचे नाव एवढेसे आहे : सी. तुमच्या घरातील मोबाइल फोन चालतो, त्याच्या अगदी आतल्या भागातील बऱ्याच सूचना सी भाषेत लिहिलेल्या असतात. ही भाषा डेनिस रिची यांनी बनवली. नको ते गाळून थोडक्यात काम करण्याची त्यांना आवड होती. तरीही काही जुन्या पाट्या त्यांच्या हातूनही निघाल्या नाहीत. ती हकिकतही या पाठात पुढे येईल.

डेनिस मॅकॲलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ब्रॉन्क्सव्हिल या गावी झाला. त्यांचे बालपण शेजारच्या न्यू जर्सी राज्यात गेले. त्यांचे वडील ॲलिस्टेर रिची हे बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. टेलिफोन जोडून देणाऱ्या यंत्रांमधील विद्युत मंडलांचा ते अभ्यास करत. त्या विषयावरील एका ग्रंथाचे ते सहलेखक होते. बेल प्रयोगशाळा ही अमेरिकेतील मोठ्या टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्ये तिथेच लागला. पुढे डेनिस यांनीही आपले सारे आयुष्य याच संस्थेत घालवले.

हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राचा अभ्यास केला आणि १९६३ मध्ये पदवी घेतली. विद्यापीठात असतानाच त्यांनी युनिव्हॅक या संगणकाविषयी एक व्याख्यान ऐकले. तो संगणक खोलीभर मोठा होता. त्या व्याख्यानाने त्यांचे लक्ष भौतिकशास्त्रावरून संगणकाकडे वळले. मग त्यांनी उपयोजित गणितात संशोधन सुरू केले. डॉक्टरेटचा प्रबंध १९६८ मध्ये लिहून झाला. परंतु विद्यापीठाचा एक नियम होता. प्रबंधाची बांधलेली प्रत ग्रंथालयात जमा करावी लागे. रिची यांनी ती जमा केलीच नाही. त्यामुळे त्यांना डॉक्टर ही पदवी मिळाली नाही. एवढे काम केल्यावर शेवटचे एक पाऊल त्यांनी का टाकले नाही, याचे आजही अनेकांना आश्चर्य वाटते. ते अतिशय अबोल होते. पदव्या व मानमरातब यांविषयी ते फार कमी बोलत.

१९६७ मध्ये ते बेल प्रयोगशाळेत नोकरीला लागले. त्या वेळी तिथे मल्टिक्स नावाचे मोठे काम चालू होते. एकाच संगणकावर शेकडो लोकांना एकाच वेळी काम करता यावे, अशी ती योजना होती. एक विद्यापीठ आणि दोन कंपन्या मिळून ती राबवत होत्या. योजना चांगली होती, पण ती वाढतच गेली. प्रत्येकाला तिच्यात काहीतरी नवे घालायचे होते. वर्षे गेली, खर्च वाढला, काम संपेना. शेवटी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले.

रिची यांचे सहकारी केन टॉम्प्सन स्वस्थ बसले नाहीत. प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात पीडीपी-७ नावाचा एक लहान, जुना संगणक पडून होता. त्याची स्मृती किती होती, ठाऊक आहे? अठरा बिटांचे फक्त आठ हजारांच्या आसपास शब्द. तुमच्या मोबाइलमधील एक साधे छायाचित्रही त्यात मावले नसते. या यंत्रावर टॉम्प्सन यांनी १९६९ च्या उन्हाळ्यात साधारण महिनाभरात एक छोटी कार्यप्रणाली उभी केली. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी मुख्य आज्ञावली. रिची लगेच त्यांच्या कामात सामील झाले. मल्टिक्स या नावात 'मल्टी' म्हणजे अनेक असा अर्थ होता. त्याची थोडी थट्टा करून या नव्या प्रणालीला युनिक्स हे नाव मिळाले. 'युनि' म्हणजे एक.

जागा इतकी थोडी होती की एक ओळही वाया घालवून चालणार नव्हते. टॉम्प्सन यांना एक प्रोग्रॅमिंग भाषा हवी होती. इंग्लंडमध्ये मार्टिन रिचर्ड्स यांनी बनवलेली बीसीपीएल ही भाषा त्यांनी घेतली आणि तिच्यातील जे लहान यंत्रात मावत नव्हते ते काढून टाकले. बीसीपीएलमध्ये एका उपक्रियेच्या पोटात दुसरी उपक्रिया लिहिता येत असे. ती सोय गेली. लांब खुणांच्या जागी आखूड खुणा आल्या. या नव्या, सडसडीत भाषेला त्यांनी बी असे नाव दिले.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळेने पीडीपी-११ हा नवा संगणक घेतला. या यंत्रावर बी भाषा अपुरी पडू लागली. तिच्यात सर्व वस्तू एकाच मापाच्या धरलेल्या होत्या. अक्षर लहान असते आणि संख्या मोठी असते, हा फरक तिला कळत नव्हता. १९७१ पासून रिची यांनी बी भाषेत सुधारणा सुरू केल्या. त्यांनी वस्तूंचे प्रकार आणले, अक्षरासाठी वेगळा आणि पूर्णांकासाठी वेगळा. बदलता बदलता भाषा इतकी वेगळी झाली की तिला नवे नाव देणे भाग पडले. बी नंतर सी. १९७२ हे वर्ष त्या कामातील सर्वांत महत्त्वाचे वर्ष होते.

त्याच वर्षी टॉम्प्सन यांनी युनिक्स सी भाषेत लिहून पाहिले. ते जमले नाही. त्यांनी तो प्रयत्न सोडून दिला. भाषेत एक उणीव होती. एकमेकांशी संबंधित माहिती एकत्र बांधून ठेवण्याची सोय तिच्यात नव्हती. म्हणजे नाव, वय व गुण हे तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावे लागत. रिची यांनी ती सोय भाषेत आणली. तिला स्ट्रक्चर म्हणतात. मग १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून युनिक्सचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला. यावरून तुमच्या लक्षात येईल की रिची केवळ काटछाट करणारे नव्हते. गरज पडली तेव्हा त्यांनी भर घातली. पण आधी गरज दिसली आणि मग भर पडली.

टेलिफोन कंपनीला सरकारशी झालेल्या जुन्या करारामुळे संगणकाचा व्यापार करता येत नव्हता. म्हणून युनिक्स थोड्याशा शुल्कात विद्यापीठांना दिले गेले, तेही त्याच्या सर्व मूळ ओळींसकट. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी तर युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा संपूर्ण गाभा छापून विद्यार्थ्यांना वाचायला दिला. तो सुमारे नऊ हजार ओळींचा होता. कार्यप्रणालीसारखी गोष्ट एका विद्यार्थ्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी, हे तोपर्यंत कोणाला फारसे सुचले नव्हते.

या नऊ हजार ओळींमध्ये एक गमतीची जागा आहे. संगणक एक काम थांबवून दुसरे काम हाती घेतो, त्या ठिकाणची ती आज्ञावली. तिच्याजवळ एक टीप लिहिलेली होती. वाचणाऱ्याला हे समजेल अशी अपेक्षा नाही, असा तिचा आशय होता. ही टीप फार गाजली. लोकांना ती गर्विष्ठ वाटली. रिची यांनी पुढे खुलासा केला. हा भाग परीक्षेला नाही असे शिक्षक सांगतात, तशा अर्थाने ती लिहिली होती. पण त्यांनी आणखी एक गोष्ट कबूल केली. तिथे नेमके काय घडते ते त्यांना स्वतःलाही नीट उमगले नव्हते. ती युक्ती पीडीपी-११ वर योगायोगाने चालत होती. युनिक्स दुसऱ्या यंत्रावर न्यायची वेळ आली तेव्हा ती मोडली. सातव्या आवृत्तीत त्यांनी ती काढून टाकली आणि त्या जागी सरळ पद्धत वापरली. जगप्रसिद्ध माणसाने आपली चूक अशी लिहून ठेवावी, हे मला त्यांच्या पुरस्कारांहून मोठे वाटते.

१९७८ मध्ये रिची आणि ब्रायन कर्निघन यांनी सी भाषेवर एक पुस्तक लिहिले. ते अवघे २२८ पानांचे होते. त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले. भारतातही १९८० नंतर सी भाषा महाविद्यालयांत शिकवली जाऊ लागली. आपल्या नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे इंग्रजी पुस्तक देशभरातील कितीतरी विद्यार्थ्यांचे सीचे पहिले पुस्तक ठरले. तुमच्या ओळखीच्या एखाद्या अभियंत्याला विचारून पाहा. बहुतेक त्यांच्या कपाटात ते सापडेल.

आता जुन्या पाट्यांकडे येऊ. सी भाषेतील प्रोग्रॅम लहान लहान भागांचा बनतो. प्रत्येक भागाला फंक्शन म्हणतात. एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारते आणि काम करून घेते. समजा, तुमच्या शाळेचा निकाल तयार करणारा एक प्रोग्रॅम आहे. पूर्वी हस्ताक्षरासाठी वेगळे गुण होते. ते मोजण्यासाठी एक फंक्शन लिहिले होते. पुढे ते गुण बंद झाले. त्या फंक्शनला आता कोणीही हाक मारत नाही, पण ते प्रोग्रॅममध्ये तसेच पडून आहे. नवीन माणूस काम पाहायला येतो. तो ते फंक्शन वाचतो. याचा उपयोग कुठे होत असेल, असा विचार करण्यात त्याचे दोन तास जातात. गुणांची बेरीज करण्याची पद्धत बदलते, तेव्हा तो बिचारा हे फंक्शनही दुरुस्त करतो. आपल्या रंगाऱ्यासारखेच हे झाले.

अशा निरुपयोगी ओळी अनेक रूपांत आढळतात. कधी एखादे चल जाहीर केलेले असते आणि पुढे ते वापरलेलेच नसते. कधी फंक्शन परत फिरण्याच्या आज्ञेनंतरही ओळी लिहिलेल्या असतात. तिथे संगणक कधीच पोहोचत नाही. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार निराळा आहे. जुन्या ओळी टिपेच्या खुणांमध्ये बंद करून ठेवतात. कधीतरी लागतील, असे म्हणून. घराच्या माळ्यावर आपण मोडक्या खुर्च्या ठेवतो ना, तसे.

मग या ओळी सरळ पुसून का टाकत नाहीत? कारण भीती वाटते. आणि ती भीती अगदी खोटीही नाही. सी भाषेत एका फाइलमधील फंक्शनला दुसरी फाइल हाक मारू शकते. एकच फाइल समोर असेल तर हे फंक्शन निरुपयोगी आहे की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. कधी फंक्शनचा पत्ता कुठेतरी साठवलेला असतो आणि त्या पत्त्यावरून हाक येते. नाव शोधले तर सापडत नाही, पण फंक्शन मात्र कामाचे असते. म्हणून आधी सर्व फाइलींमध्ये शोध घ्यावा लागतो. सी भाषेत स्टॅटिक असा एक शब्द आहे. तो फंक्शनच्या आधी लिहिला की त्याचे नाव बाहेरच्या फाइलींना दिसत नाही. मग त्याच फाइलीत त्याला कोणी हाक मारत नसेल आणि त्याचा पत्ताही कोणी घेत नसेल, तर भाषांतर करणारी आज्ञावली, म्हणजे कंपायलर, तशी सूचना देऊ शकतो. आणखी एक गंमत अशी की एक फंक्शन काढले की त्याने वापरलेला तक्ता निरुपयोगी होतो. तो काढला की त्या तक्त्यासाठी घेतलेली फाइल निरुपयोगी होते. स्वेटरचा एक धागा ओढला की ओळीच्या ओळी उसवत जातात, तसे होते. म्हणून एक गोष्ट काढायची, प्रोग्रॅम चालवून तपासायचा आणि मग दुसरी काढायची, अशी सावध रीत आहे.

रिची यांच्याच प्रयोगशाळेत या दोन्ही अडचणींवर साधने तयार झाली. त्यांचे सहकारी स्टीफन जॉन्सन यांनी लिंट नावाची आज्ञावली लिहिली. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेली कापसाची लव. ही आज्ञावली सीमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम वाचते आणि न वापरलेली चले, हाक न मारलेली फंक्शने व संगणक न पोहोचणाऱ्या ओळी दाखवून देते. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ती बाहेरच्या लोकांना मिळाली. दुसरे साधन मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये सुरू केले. ते प्रोग्रॅमची प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवत असे. आज त्याच कामासाठी गिट हे साधन जगभर वापरतात. २००५ मध्ये तयार झालेले गिटही बहुतांशी सी भाषेतच लिहिलेले आहे. जुनी आवृत्ती अशी सुरक्षित असली की ओळ पुसायला हात कचरत नाही. हवी तेव्हा ती परत आणता येते. टिपेत कोंडून ठेवण्याचे कारण उरत नाही.

मुलांनो, हाच प्रश्न मराठी लिहिणाऱ्यांपुढेही आला होता. ग्रंथालयातील एखादे जुने मराठी पुस्तक उघडून पाहा. 'नाही' या शब्दाच्या 'ही'वर अनुस्वार दिसेल. 'त्याने' यातील 'ने'वरही दिसेल. शेकडो वर्षांपूर्वी ते अनुस्वार बोलण्यात असत. पुढे उच्चार गेले आणि टिंबे राहिली. शाळेतील मुले ती पाठ करत आणि चुकली की मार खात. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे नवे लेखननियम आले आणि न उच्चारले जाणारे असे अनुस्वार काढण्यात आले. पण सरसकट सगळे काढले नाहीत. 'घरात' म्हणजे एका घरात आणि 'घरांत' म्हणजे अनेक घरांत. इथे टिंबाला काम आहे, म्हणून ते ठेवले. तुम्हाला मराठी लिहिताना थोडे सोपे वाटत असेल, तर त्या नियमांचे आभार माना. उर्दूत मात्र 'ख्वाब' लिहिताना तुम्ही आजही वाव लिहिता आणि वाचताना तो उच्चारत नाही. तो वाव शब्दाचा इतिहास सांगतो, म्हणून उर्दूने तो जपला आहे. प्रोग्रॅमचा इतिहास सांगायला वेगळे साधन आहे. ओळींमध्ये तो कोंबावा लागत नाही.

खुद्द सी भाषेतही अशी टिंबे होती. १९७८ च्या पुस्तकात एंट्री हा शब्द राखीव म्हणून दिला होता. पुढे कधीतरी वापरू, असा विचार होता. तो कधीच वापरला गेला नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत सी भाषेचे प्रमाण नियम ठरले, तेव्हा तो वगळण्यात आला. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. जुन्या सीमध्ये एखाद्या संख्येतून एक वजा करायचा असेल तर अ=-१ असे लिहीत. आता नीट पाहा. याचा अर्थ 'अ मधून एक वजा करा' असा आहे की 'अ ला उणे एक ही किंमत द्या' असा आहे? दोन्ही अर्थ निघतात. रिची यांनी १९७० च्या दशकातच ही खूण उलटी केली आणि -= अशी लिहायला सांगितली. घोटाळा संपला.

एक खूण मात्र राहिली. दोन अटी जोडणारी एक खूण आधीपासून भाषेत होती. पुढे त्या कामासाठी दुसरी खूण आली. त्या वेळी जुन्या खुणेचा क्रम बदलायला हवा होता. गणितात आपण आधी गुणाकार आणि मग बेरीज करतो ना, तसा हा क्रम असतो. पण तोवर जुन्या खुणेने लिहिलेल्या पुष्कळ ओळी तयार झाल्या होत्या. त्या मोडतील म्हणून रिची यांनी तो क्रम तसाच ठेवला. त्या वेळी जगात सीचे प्रोग्रॅम फारच थोडे होते. आज ते कोट्यवधी ओळींचे आहेत, आणि त्या चुकीच्या क्रमामुळे नवशिके अजून फसतात. बदल तेव्हाच केला असता तर बरे झाले असते, असे रिची यांनी नंतर आपल्या लेखात नोंदवले.

प्रमाण नियम ठरवणाऱ्या समितीच्या कामापासून ते बहुधा दूरच राहिले. एकदा मात्र ते पुढे आले. नियमांच्या मसुद्यात नोएलियस नावाचा एक नवा शब्द घालण्याचे ठरले होते. मार्च १९८८ मध्ये रिची यांनी त्याविरुद्ध एक सविस्तर पत्र लिहिले. शब्दाचा अर्थ धड ठरलेला नाही आणि तो चालू प्रोग्रॅममध्ये गोंधळ करील, हे त्यांनी उदाहरणांनी दाखवले. एरवी मवाळ असणारा हा माणूस त्या पत्रात चांगलाच कडक झाला होता. समितीने तो शब्द मागे घेतला. भाषेचा निर्माता आपल्या भाषेत काय येऊ नये यासाठी झगडला, हे विशेष.

१९८३ मध्ये रिची आणि टॉम्प्सन यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रातील हा सर्वोच्च मान समजतात. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देण्यात आले. २००७ मध्ये रिची निवृत्त झाले आणि २०११ मध्ये दोघांना जपान पुरस्कार जाहीर झाला. ते अविवाहित होते. दुपारी कामाला यावे आणि रात्री उशिरापर्यंत जागावे, अशी त्यांची सवय होती. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. १२ ऑक्टोबर रोजी ते घरात मृतावस्थेत आढळले. तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षे होते. त्याच्या आठवडाभर आधी ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स वारले होते. त्यांची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आली. रिची यांची बातमी बऱ्याच जणांपर्यंत पोहोचलीच नाही.

त्यांच्यानंतर वर्षभराच्या आतच अमेरिकेतील एका घटनेने जुन्या ओळींचा धोका सर्वांना दिसला. नाइट कॅपिटल ही शेअरची खरेदी-विक्री करणारी मोठी कंपनी होती. तिच्या प्रोग्रॅममध्ये एक भाग २००३ पासून वापरात नव्हता, पण काढलेला नव्हता. तो सुरू करण्याची खूण मात्र कंपनीने नव्या कामासाठी पुन्हा वापरली. नवा प्रोग्रॅम आठ संगणकांवर बसवायचा होता. सात संगणकांवर तो बसला आणि एक राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी बाजार उघडला. त्या एका संगणकावर नव्या खुणेने जुना, विसरलेला भाग जागा झाला आणि तो एकामागून एक शेअरचे व्यवहार करत सुटला. सुमारे पंचेचाळीस मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. ज्या ओळी कोणाला नको होत्या, त्यांनी शेकडो लोकांच्या कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व संपवले.

सी भाषेची साफसफाई अजून चालू आहे. तिच्यात गेट्स नावाचे एक फंक्शन होते. ते समोरून आलेली ओळ वाचून घेई, पण ओळ किती लांब आहे याचा विचारच करत नसे. ठेवायला जागा थोडी आणि ओळ लांब असली की शेजारची माहिती पुसली जाई. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये एका घातक प्रोग्रॅमने याच फटीचा फायदा घेऊन अमेरिकेतील हजारो संगणक अडवले होते. तरी ते फंक्शन नियमांतून जायला आणखी तेवीस वर्षे लागली. डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांत ते नाही. तेव्हा रिची यांना जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

२०२४ मध्ये सी भाषेचे आणखी नवे नियम प्रसिद्ध झाले. १९७८ च्या पुस्तकात फंक्शन लिहिण्याची जी पद्धत रिची आणि कर्निघन यांनी दिली होती, ती या नियमांत पूर्णपणे काढून टाकली आहे. तिच्याहून चांगली पद्धत पस्तीस वर्षांपूर्वीच आली होती. ऑटो हा आणखी एक शब्द सी भाषेला बी भाषेकडून मिळाला होता. तो लिहिला नाही तरी अर्थ तोच राहतो, म्हणून जवळजवळ कोणीच तो लिहीत नसे. तो मात्र काढला गेला नाही. नव्या नियमांनी त्याला वेगळे काम दिले. दिलेल्या किमतीवरून चलाचा प्रकार आता तो स्वतः ओळखतो. पन्नास वर्षे रिकामा बसलेला हा शब्द कामाला लागला आहे.